श्रीकांतचा रेकॉर्ड

परवा घड्याळाचा सेल बदलताना ती बटणाएवढी चकती पाहिली आणि कोराडीची कॉलनी आठवली. शेजारच्या श्रीकांतकडे हातात मावणारा व्हिडिओ गेम होता. उड्या मारत शिड्या चढायच्या. एक चूक, की पुन्हा खालून. मी रोज पडायचो, तरी रोज मागायचो.

"तुले नाही जमत गा, काहून बोटं झिजवून राहिला?" तो सगळ्यांसमोर हसायचा.

सेल काढला की रेकॉर्ड पुसतो, हे मला ठाऊक होतं. तो पाणी प्यायला उठला, तेव्हा मी काढला आणि परत बसवला. त्याची महिनाभराची मेहनत शून्य. खरं सांगतो, काळजात गार वाटलं.

श्रीकांत रडवेला झाला. "माह्याच हातून झालं असंन. घे, आता दोघं सारखेच. पहिले तू खेळ."

मी पहिल्याच शिडीवरून पडलो, आणि त्याच्यावर आणखीच चिडलो.