पाकिटावरची आजी

माझं शुद्धलेखन कच्चं आहे, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजाने लिहिते, आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कोण वाचणार आहे म्हणा. पण चार माणसांत बोलायला गेलं की माझे शब्द घशातच राहतात, आणि ही गोष्ट घशात राहिली तर मला अन्न गोड लागणार नाही. म्हणून लिहिते.

मी शहाडला राहते. बाळकुमच्या एका टॉवरमध्ये एका घरी स्वयंपाकाला जायचे. घरातली बाई माझ्याहून बरीच लहान. मी तिला ताई म्हणायचे, ती मला मावशी. वाईट नव्हती वागायला. चहा ठेवला की मलाही घ्यायला सांगायची. मग तिने घरातून मिरचीचं बी विकायला काढलं, मोबाईलवरून. साधी मिरची नाही. जगातली सगळ्यात जहाल.

एक दिवस पोळ्या उरकल्यावर म्हणाली, "मावशी, दोन मिनिटं बसा ना इथे. एक छोटासा व्हिडिओ करायचाय."

"मला नाही येत हो ताई असलं काही."

"तुम्हाला काही करायचंच नाहीये. तुम्ही लाजता ना, तेच मस्त दिसतं. एकदम ओरिजिनल."

मी पाचवारी नेसणारी बाई. मला नऊवारी नेसवली, नाकात दाबायची नथ अडकवली, केसांना पुढून पांढरी पावडर लावली. माझं वय पन्नाससुद्धा नाही. हातात मिरची दिली. ती मिरची नव्हतीच. लाल ढोबळी मिरचीची फोड निमुळती कापून तिला वरून देठ टोचला होता. खाल्ली तर गोड लागली. रडू कसं येणार? मग ताईने माझ्या डोळ्यांखाली बाम चोळला. धारा लागल्या. तशी रडत मी तिने शिकवलेलं वाक्य म्हटलं, "आई गं, काय जाळ आहे!"

रात्री घरी जाईपर्यंत डोळे चुरचुरत होते, आणि मी निघताना चपला घालत होते तेव्हा ताई हसत कुणाला तरी फोनवर सांगत होती, काय एक्स्प्रेशन दिलंय बाईने!

पुढच्या आठवड्यात पाकिटं छापून आली. पाकिटावर मी. तोंड वेडंवाकडं, डोळ्यांत पाणी, शेजारी एक कवटी. वर लिहिलं होतं, 'आजीचा जाळ. अर्धी मिरची, अख्खं घर रडेल. हिंमत असेल तरच घ्या.' मला शिसारी आली. मिरची ही जेवणाला चव यावी म्हणून असते. ती खाऊन माणूस मेल्यासारखा लोळावा यात कसली हिंमत? पण लोक व्हिडिओखाली लिहायचे, मला दोन पाठवा, मला पाच पाठवा, बायकोला खायला घालतो. ताई मला वाचून दाखवायची आणि हसायची. 'शेवटची दहा पाकिटं' असं ती रोज टाकायची. आणि बियांचं पोतं माझ्या पिठाच्या डब्याशेजारीच उभं असायचं, तोंडापर्यंत भरलेलं. घाऊक बाजारातून आलेलं. भांडी झाल्यावर मी चहाच्या चमच्याने त्यातून पाकिटं भरायचे. वांगं, टोमॅटो आणि मिरची, तिन्हीचं बी दिसायला सख्ख्या बहिणींसारखं. मला काय कळणार?

माझी मोठी जाऊ आमच्या शेजारच्या खोलीत राहते. भिंत एक, नळ एक. तिने माझा व्हिडिओ मोबाईलवर पाहिला आणि धावत आली.

"अगं, एवढी मोठी झालीस आणि आम्हाला बोलली नाहीस?"

"जाऊबाई, ते खोटं आहे सगळं. ती ढोबळी मिरची होती. बाम लावला होता मला."

"बाम! डोळ्यांतून गंगा वाहतेय आणि म्हणे बाम. माझ्यापासून लपवतेस होय?"

ताईने तेव्हा नवीनच काढलं होतं. बी, माती, छोटे कप असा एक मोठा खोका घ्यायचा, घरी रोपं करायची आणि आपल्या भागात विकायची. त्यावरही मीच रडत होते, खाली 'घरबसल्या कमवा'. जावेला तिची भिशी नुकतीच लागली होती. मी तिला दोनदा सांगितलं, नका घेऊ. तर ती म्हणाली, "तुला नको आहे मी चार पैसे कमावलेले. शहाडची एजन्सी तुलाच पाहिजे असेल." मी माझ्या खोलीत येऊन भांडी घासायला बसले. तिने भिशीचे सगळे पैसे ताईला पाठवले.

खोका आला. जावेने पत्र्यावर कप मांडले. रोपं छान उगवली, पण उन्हाने एका दुपारी माना टाकल्या. समोरच्या खोलीतली शेजारीण आदल्या दिवशीच म्हणाली होती, "काय तरारलीत हो वहिनी रोपं!" झालं. जावेने ठरवलं, दृष्ट लागली.

आमच्यात दृष्ट काढतात ती मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन. ओवाळून निखाऱ्यावर टाकायच्या. ठसका लागला तर काही नाही. ठसका नाही लागला तर दृष्ट होती, आणि ती जळाली. जावेने विचार केला, घरात जगातली सगळ्यात जहाल मिरची असताना दुकानातल्या मिरच्या कशाला? तिने खोक्यातल्या उरलेल्या बियांतलं मूठभर बी घेतलं, कपांवरून ओवाळलं आणि शेगडीत टाकलं.

आम्ही दोघी पदर नाकाला लावून उभ्या. बी तडतडलं. थोडासा धूर आला, भाजक्या शेंगदाण्यासारखा. कोणी शिंकलंसुद्धा नाही.

"बघितलंस?" जाऊ म्हणाली. "केवढी जबर दृष्ट! सटवीची नजर बघ."

"अहो जाऊबाई, माझ्या फोडणीत मिरचीच्या चार बिया जळल्या तरी अख्खा मजला खोकतो. हे मिरचीचं बी नाहीये."

"नाहीये कसं? तुझा फोटो आहे ना वर?"

तिने समोरच्या बाईशी बोलणं सोडलं आणि दर शनिवारी तेच बी जाळू लागली. दर शनिवारी ठसका लागायचा नाही, की ती आणखी चिडायची. त्या बिचारीला नळावर पाणीसुद्धा भरू देईना.

मग फुलं आली. जांभळी. मिरचीचं फूल पांढरं असतं. समोरची शेजारीण आपल्या दारात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वहिनी, तुमची मिरची लईच जहाल दिसते. आमच्या गावाला हिला वांगं म्हणतात!"

अख्खी चाळ हसली. जाऊ हसली नाही. माझ्या दारात आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मी तुझं तोंड बघून पैसे दिले." एवढंच. भिशी उचलली तरी पुढचे हप्ते भरावेच लागतात. ती कुठून भरणार होती? आणि त्या भिशीतल्या सगळ्या बायका आमच्याच चाळीतल्या. त्या दिवसापासून नळावर मी आले की ती बादली अर्धी भरलेलीच उचलून निघून जायची. लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापायला तिने शिकवलं होतं.

मी ताईला सांगितलं. सांगताना माझे हात कणकेत होते, म्हणून तरी बोलता आलं.

"अरे! लॉट मिक्स झाला असेल मावशी. मी त्यांना दुसरं बी फ्री देते."

"बी नको ताई. पैसे."

"पैसे परत असं नसतं ना. सात दिवसांत सांगायचं असतं. आणि मावशी, वांगी तर आली ना? ऑरगॅनिक आहेत ती."

हे बोलताना ती हसत होती.

तिला आता 'आजीचा ठेचा' काढायचा होता. नवा व्हिडिओ हवा होता. बामाची बाटली काढून ठेवली होती. मी नऊवारी नेसले, मोबाईलसमोर बसले आणि पदर तोंडावरून हनुवटीच्या खाली ओढून घेतला.

"मावशी, पदर वर घ्या ना."

"आधी जावेचे पैसे."

"लाजू नका हो, आता सवय झाली ना तुम्हाला?"

"लाजत नाहीये. आधी पैसे."

पदराआडून मला ती दिसत नव्हती, म्हणूनच बहुतेक माझा आवाज निघाला. मग तिने तिथूनच जावेच्या नंबरवर निम्मे पैसे टाकले आणि म्हणाली, "बाकीचे व्हिडिओ झाल्यावर. प्रॉमिस." मी जावेला फोन लावून विचारलं, आले का? आले. मग उठले, आत जाऊन माझी साडी नेसले, नऊवारीची घडी घालून खुर्चीवर ठेवली. नथ त्याच्यावर ठेवली. ताई म्हणाली, "हे चीटिंग आहे हं मावशी." बामाची बाटली हातात धरून ती मला चीटिंग म्हणत होती!

ते घर सोडलं. त्या महिन्याचा पगार तिने दिला नाही, मी मागितला नाही. तिचं दार मला परत वाजवायचं नव्हतं. पाकिटं अजून विकली जातात म्हणे. अजून माझ्या तोंडाशेजारी कवटी आहे, आणि अजून शेवटची दहाच राहिली आहेत.

शहाडलाच दोन घरी पोळ्या धरल्या आणि राहिलेले पैसे थोडे थोडे करून जावेला देत गेले. ती 'राहू दे' म्हणाली नाही. मला बरं वाटलं. तिने राहू दे म्हटलं असतं, तर मी पाकिटावरची खोटी आजीच राहिले असते.

काल शेवटचे दिले. जाऊ पत्र्याखाली वांगी चिरत बसली होती. हात पदराला पुसून तिने नोटा घेतल्या, अंगठा जिभेला लावून मोजल्या, परत एकदा मोजल्या, आणि म्हणाली, "फिटले गं सगळे."