बाजीरावानं शिकवलेली पावलं

बाजीराव मूळचा कागलचा, सुताराच्या घरातला. कतारात येऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यानं एकच काम केलं, माणसांना पाय करून दिले. दोह्यातल्या एका इस्पितळाच्या तळघरात त्याचं वर्कशॉप. तुटक्या मांडीचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, पाय बसवायचा आणि मग दोन दांड्यांच्या मधे माणसाला पुन्हा चालायला शिकवायचं. प्रत्येकाच्या चालण्याचा व्हिडिओ ठेवायचा. असे दोनशेवर व्हिडिओ जमले होते.

त्यांवर अभिजितचा डोळा होता. अभिजित म्हणजे शशिकलेचा, बाजीरावाच्या बायकोचा, धाकटा भाऊ. एका सॉफ्टवेअर कंपनीत वर्षाच्या करारावर आलेला. शुक्रवारी तो अल हिलाल भागातल्या बाजीरावाच्या घरी जेवायला आला, मटणावर हात मारला आणि विषय काढला.

"दाजी, ड्रोनवरून माणसाची चाल ओळखायचं सॉफ्टवेअर करतोय आम्ही. एक लंगडा अतिरेकी आहे, आठ वर्षं सापडत नाही. तुमचे व्हिडिओ मिळाले तर मशीनला शिकवता येईल."

"आन् ओळखल्यावर काय करणार? हळदीकुंकवाला बोलावणार?"

"चेष्टा नको. वरून चेहरा दिसत नाही, म्हणून तर भलती माणसं मरतात. नेमकं ओळखलं तर वाचतील. तुम्ही अडवलंत, तर पुढची मेलेली तुमच्या नावावर."

हे बाजीरावाला झोंबलं. नसरुद्दीन त्याचा पेशंट. अफगाण, इथं एका गोदामावर पहारेकरी. गावाकडं छपरावर जर्दाळू वाळत घालताना वरून बॉम्ब पडला, डावा पाय गेला. बातमी आली, तीन अतिरेकी ठार. ते तीन म्हणजे त्याची बायको, मुलगी आणि सासू. नेमकं ओळखलं असतं, तर? बाजीराव तेच चघळत राहिला. मग ताट सारून म्हणाला,

"तुझं मशीन बघणार काय? पाय टाकायची तऱ्हा. ती नसरुद्दीनची न्हाई, माझी हाय. दोनशे माणसं मी शिकवल्यागत पाय टाकत्यात. तुझ्या त्या लंगड्याला ज्यानं शिकवलं, त्यानं आणखी पन्नास जणांना तसंच शिकवलं असंल. त्यातला कुठला मारणार?"

"नव्वद टक्के जुळलं तरच, दाजी..."

"मग उरलेल्या दहात तू जाऊन उभा ऱ्हा की, भाड्या!"

"आवो!" शशिकला भडकली. "त्याचं कॉन्ट्रॅक्ट ह्याच्यावर अडकलंय. परक्यांचा एवढा पुळका, आन् माझ्या भावाला शिव्या?"

"तुझा भाऊ हाय म्हणून नुसत्या शिव्या."

मंगळवारी बाजीराव चहा पिऊन वर्कशॉपात परतला, तर दांड्यांच्या मधे नसरुद्दीन चालतोय आणि समोर अभिजित फोन धरून उभा. बाजीरावानंच पाठवलंय, असं त्यानं नसरुद्दीनला सांगितलेलं. नसरुद्दीन बिचारा खुशीत, छाती काढून, छान चालून दाखवत होता.

"फिर से चलूँ, उस्ताद?"

बाजीरावानं फोन हिसकावला, व्हिडिओ पुसला आणि मेहुण्याच्या बखोट्याला धरलं. "खलास. नीघ."

"तुम्ही नाही दिलंत तर दुसरा कुणी देईल."

"दिऊ दे. त्याचं पाप त्येला. माझ्या हातनं न्हाई."

अभिजित गेला. मग नसरुद्दीनला सगळं सांगावं लागलं. तो खुर्चीवर बसला. नव्या पायाकडं बघत त्यानं विचारलं,

"और जो आपके पास हैं, वो?"

संध्याकाळी निघण्याआधी बाजीरावानं सगळेच्या सगळे व्हिडिओ पुसून टाकले. इस्पितळाचा माल तो. साहेबानं मेमो दिला, कारण विचारलं. "चुकून," असं बाजीरावानं लिहून दिलं, आणि ते खोटं आहे हे साहेबालाही कळलं.

अभिजितचा करार वाढला नाही. कतार सोडून जाताना बहिणीला भेटायला आला तो लिफ्टपाशीच थांबला, घरात पाऊल टाकलं नाही. शशिकला डोळे पुसत परत आली, नवऱ्यापुढं ताट आदळलं आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावली.

बाजीराव एकटाच जेवायला बसला, आणि पोटभर जेवला.