अकरा नंबरचा कागद

असे अनुभव वाचायला घेतले की मी आधी खालच्या कमेंट बघायचे... कोणी खोटेपणा पकडलाय का म्हणून. आम्ही बौद्ध, अंगारे-धुपारे, भूतबाधा आमच्या घरात कधी चाललंच नाही. घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे "शिकून-सवरून असलं लिहिते?" असं कोणी म्हणेल याचीही भीती वाटते. तरी लिहितेय. नावं बदलली आहेत.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावकडची, हिंगोलीतच चित्रकला शिकते. मागच्या हिवाळ्यात आमच्या सरांना सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका गावात बसथांब्याच्या भिंतीवर मोझेक करायचं काम मिळालं. फरशीच्या कपच्यांचं चित्र — धरण, जाळी टाकणारी माणसं, मागे हळदीची शेतं. ही पद्धत उलटी असते. नंबर टाकलेल्या कागदांवर चित्र तुकड्यातुकड्याने उलटं काढायचं, कपच्या मैद्याच्या खळीने पालथ्या चिकटवायच्या आणि एकेक कागद भिंतीवरच्या ओल्या सिमेंटवर दाबायचा. दुसऱ्या दिवशी कागद भिजवून सोलला की चित्र सुलटं दिसतं.

कपच्या निवडायला गावातली सुनीता यायची. तिचा नवरा धरणात मासे धरायचा. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी गेला. जाळं सापडलं, तो नाही. गाव म्हणायचं, हैदराबादला दुसरं घर केलं. सासू म्हणायची, बुडालाच तो, दिवस घालू, बांगड्या उतरव. सुनीता दोन्ही ऐकत नव्हती.

"दुसरी केली असंल तर असू दे, ताई," एकदा कपच्या निवडता निवडता ती म्हणाली, "पर जित्ते असू दे."

चित्रातल्या आकाशासाठी मी बायकांकडे फुटक्या बांगड्या मागितल्या, तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. सुनीताने मला कोपराने ढोसलं. "येडी का काय तू! सवाष्णींच्या दारात उभी राहून फुटक्या बांगड्या मागून राहिली!" मी इतकी लाजले... शेवटी बाजारात बसणाऱ्या बांगडीवाल्या चाचांनी पिशवीभर चुरा दिला. तो सगळा आकाशात गेला.

पाण्यात मात्र बांगडीचा एक तुकडाही लावला नव्हता. पाण्याचा अकरा नंबरचा कागद मी एकटीने केला — नुसती निळी फरशी. मोबाईलवर फोटो काढला. भिंतीवरही मीच दाबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कागद सोलत होते आणि सुनीता पाणी मारत होती. अकरा नंबर निघाला... आणि निळ्या पाण्याच्या मधोमध चार बांगड्या. तुकडे नाहीत — अख्ख्या. हिरव्या, सोनेरी ठिपक्यांच्या. सिमेंटमध्ये अर्ध्या रुतलेल्या, आणि भोवतीच्या कपच्या त्यांच्या गोलाईत बराबर कापलेल्या. इतकी नाजूक गोलाई मला अजूनही कापता येत नाही. सर तर दोन दिवस हिंगोलीत होते.

बाजाराचा दिवस होता. आपला चुरा कसा दिसतो ते बघायला चाचा पलीकडून आले आणि तिथंच थबकले.

"ये कहाँ से लाई, बेटा?"

मी एका बांगडीला बोट लावून बघितलं, घट्ट बसली होती.

"ये तो वही है," ते सुनीताकडे न बघता म्हणाले. "ज्या दिवशी तो गेला ना, त्या दिवशी सकाळीच माझ्याकडं आला होता. बायकोला पायजे, अडीचचं माप, बोला. ह्या ठिपक्याच्या चारच राहिल्या होत्या. चारो ले गया. खिशात घातल्या अन् सीधा धरणावर गेला."

"इतके दिवस बोलले काहून न्हाई, चाचा?" सुनीताने विचारलं.

"तकलीफ में और तकलीफ क्या देता, माँ..."

हातातला पाण्याचा मग सुनीताने खाली ठेवला आणि माझं मनगट धरलं — नखं रुतली इतकं घट्ट.

"ताई, तूच बसवल्या म्हण."

"पण मी—"

"तूच बसवल्या. म्हण ना!"

तेवढ्यात तिची सासू बाजाराची पिशवी घेऊन आली. भिंतीकडे बघत म्हणाली, "अगं बया! ह्या बांगड्या कुनी लावल्या?"

सुनीता माझ्याकडे बघत होती. चाचाही.

"मी लावल्या, मावशी. डिझाइनसाठी."

"अख्ख्या बांगड्या भिंतीत चिणल्या! शिकलेल्या पोरींची नासधूस बघा." ती बडबडत पुढे निघून गेली. चाचांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ते आपल्या दुकानाकडे वळले.

सरांनी नंतर त्याच जागेचं सगळ्यात जास्त कौतुक केलं. मी मान हलवली. फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात कपच्यांच्या पालथ्या पाठी आहेत, रांगेने, चौकोनी. बांगडी कुठेच नाही. रात्रीत कोणी बदललं म्हणावं, तर वरचा कागद जसाच्या तसा होता आणि सिमेंट घट्ट झालं होतं. मी खूप विचार केला. उत्तर सापडलं नाही, आता सापडेल असंही वाटत नाही. मी खोटं बोलले ते तिच्यासाठी बरं झालं की वाईट, हेही कळत नाही.

गेल्या महिन्यात एसटीने त्या गावावरून गेले. थांब्यात सावली होती, बाकडं रिकामं होतं. सुनीता बाहेर उन्हात उभी होती, भिंतीकडे पाठ करून, उतरणाऱ्या एकेकाचं तोंड बघत.