आतोबांच्या कंपनीचं गाऱ्हाणं

एका मोटार कंपनीची विक्री घटली म्हणून दिवसभर मासे न खाणारा माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या आत्याच्या पदरी पडला. आमच्या आतोबांचा त्या कंपनीशी संबंध काय, तर त्यांनी तिची एक गाडी विकत घेतली होती. बस्स. ना नोकरी, ना एजन्सी. जन्मभर वालावलला नारळ-सुपारीची बागायत केली, पण बोलताना कायम 'आमची कंपनी'. ट्रकपासून टेम्पोपर्यंत सगळं बनवणारी आपल्या देशातली ही केवढी मोठी कंपनी, पण घरगुती गाड्यांच्या धंद्यात परदेशी कंपन्यांपुढे तिची सदा पीछेहाट. तशी बातमी पेपरात आली की आतोबा सुरमईची तुकडी ताटातून बाजूला सारायचे आणि सोलकढी-भात कालवून जेवायचे. "कोण मेला काय घरात?" असं आत्या करवादली की ते पेपर तिच्यापुढे सरकवायचे. मालवणी माणसाने मासे सोडणं म्हणजे काय दुःख असतं, हे ज्याचं त्यालाच कळतं.

रस्त्यात समोरून त्याच कंपनीची गाडी आली की आतोबा हॉर्न देत आणि हात वर करत. जणू सोयरेच भेटले. समोरच्याला वाटायचं, चाकातली हवा गेली असावी किंवा पुढे पोलीस उभे असावेत. कुडाळच्या वाटेवर एक गृहस्थ तर घाबरून खाली उतरले, चारी चाकं चाचपून पाहिली आणि काय झालं म्हणून विचारायला मागे आले. आतोबांनी त्यांना उचलून घरी जेवायलाच आणलं. ते गृहस्थ अजून दर चतुर्थीला सहकुटुंब वालावलला येतात, आणि आत्या अजून विचारते की हे नक्की कोणाकडचे.

गाडीची पारख करायची त्यांची एकच रीत होती. दार उघडायचं, लावायचं आणि डोळे मिटून आवाज ऐकायचा. तारकर्लीला माझ्या घरी पर्यटक उतरतात. आतोबा आले की चहाच्या आधी अंगणातल्या गाड्यांकडे वळायचे. परदेशी कंपनीची गाडी असली की दार लावून तोंड वाकडं करायचे आणि म्हणायचे, पत्रा पातळ. एकदा कोल्हापूरच्या एका पाहुण्यांनी त्यांना आपल्या गाडीच्या दाराशी डोळे मिटून उभं असलेलं पाहिलं आणि चोर-चोर म्हणून घर डोक्यावर घेतलं. मी मधे पडलो म्हणून निभावलं. आतोबांना त्याची लाजबीज काही नाही. त्यांनी त्या पाहुण्यांना पुढची गाडी कुठली घ्यावी हे तासभर समजावलं.

मग कंपनी मागे का पडते, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं की दुपार गेलीच म्हणून समजा. इंजिन बैलासारखं दणकट, पण आत बसणाऱ्याचा विचार कोणी करत नाही. जुन्याच गाडीला नवे दिवे लावून नवं बारसं करतात. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे शोरूम. तिथे गेले की आतोबा मालवणी सोडून एकदम छापील मराठीत शिरायचे. "आपण ग्राहकास गृहीत धरता," असं त्यांनी मॅनेजरला सुनावलं होतं. गाडी घेईपर्यंत त्याच माणसाने दोनदा चहा पाजला होता, आणि आता तो विचारत होता, आपलं नाव काय.

एवढं सगळं ठाऊक असून हा माणूस दरवर्षी गावच्या जत्रेत कंपनीसाठी गाऱ्हाणं घालायचा. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालायचा मान जुन्याजाणत्याचा, आणि वालावलच्या त्यांच्या वाडीत तो आतोबांचा. लोकांची आजारपणं, लग्नं, कोर्टकज्जे देवाच्या कानावर घालून झाले की शेवटी कंपनी यायची. जमलेली मंडळी हसू दाबत 'व्हय म्हाराजा' म्हणायची.

पण मग त्यांच्याच घरात पेच उभा राहिला. त्यांची एकुलती एक लेक जामसंड्याच्या शाळेत शिकवते. आठवडाभर तिकडेच राहून शनिवारी आतोबांच्या गाडीने घरी यायची-जायची. एका पावसाळ्यात गाडी वाटेत बंद पडली आणि सुटा भाग काही केल्या येईना. शोरूमवाले आज-उद्या करत राहिले. आत्याचं डोळ्यांचं ऑपरेशन तेव्हाच होतं. पोरीने लोकांच्या गाड्या मागून आईला नेलं-आणलं, आणि मग सरळ परदेशी कंपनीची गाडी बुक केली. बापाला सांगताना मीही होतो तिथे. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, गाडी वायट नाय. पण गाडी इकल्यार तुमच्या कंपनीक आपली वळख रवणा नाय."

आतोबा उठून बागेत गेले. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. पोर बरोबर बोलली होती, तेच त्यांना लागलं होतं. नवी गाडी आली तरी ते अंगणात आले नाहीत. आणि गाऱ्हाणं घातल्याशिवाय गाडीत बसणार नाही, असं म्हणून लेक अडून राहिली. दुसऱ्या कोणाकडून घालून घे म्हटलं तर तिचे डोळे भरून आले. तिला ते बापाच्याच तोंडून हवं होतं.

शेवटी एका सकाळी आतोबा धुतलेलं धोतर नेसून आपणहून देवळाकडे चालू लागले. गाडी मागून आली. वाडीतली माणसं जमली. आतोबांनी नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवान आज नवी गाडी हाडल्यान हा. तिका सांभाळ. वाटेत काय आडवा येयत ता दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

आम्हाला वाटलं संपलं. पण त्यांचे हात जोडलेलेच होते. "आणि जेनी माझी गाडी केल्यानी, तेंका बरी बुद्धी दी. गाडी इकून झाली म्हणजे काम संपला, असा तेंका वाटता. तसा वाटू देऊ नको रे म्हाराजा."

या वेळी कोणी हसलं नाही. सगळे मनापासून 'व्हय म्हाराजा' म्हणाले. त्यात माझाही आवाज होता, खोटं कशाला सांगू.

मग ते लेकीच्या शेजारी बसले. दार लावलं आणि सवयीने डोळे मिटले. आम्ही आता तोंड वाकडं होण्याची वाट बघत होतो. "बरी केल्यानी हा," ते हळू आवाजात म्हणाले. "आमच्यांकाव जमला असता."

परतताना मी मागच्या सीटवर होतो. घराच्या वळणावर त्यांची जुनी गाडी माडाखाली उभी दिसली, टपावर झावळीचा पाचोळा पडलेला. आतोबांनी काच खाली केली, हात वर केला आणि लेकीला म्हणाले, "गो, हॉर्न दी."