कुदळमास्तरांचा तास

ड्रिलच्या मास्तरांच्या गळ्यात शिट्टी असते आणि हातात छडी. आमच्या मास्तरांच्या खांद्यावर कुदळ असे. शाळेची घंटा व्हायच्या तासभर आधी ते कुदळ घेऊन फाटकातून आत शिरत, तेव्हा नवा माणूस त्यांना शाळेचा गडीच समजायचा. एकदा एका पालकाने त्यांना "अरे, हेडमास्तर आलेत का रे?" असं विचारलं आणि मास्तरांनी "नाय अजून, बसा," म्हणून त्याला बाकडंही आणून दिलं. त्यांचं खरं आडनाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तरी आमच्या वर्गातल्या निम्म्या लोकांना ते ओळखू यायचं नाही. आमच्यासाठी ते कुदळमास्तर, बस्स.

कुदळीचं कारण आमची जमीन. पन्नास सालानंतरचे ते दिवस, रत्नागिरीत आमची शाळा नवी होती आणि उभी होती चक्क कातळावर. पावसाळ्यात हिरवं शेवाळ आणि उन्हाळ्यात तापलेला तवा, एवढंच त्या मैदानाला ठाऊक. अशा जागी मुलांना मल्लखांब शिकवायचा म्हणजे पडणाऱ्यासाठी मऊ जागा हवी. मास्तरांनी दोन वर्षं सुट्टीत स्वतः जांभा फोडून खांबाभोवती कमरेइतका खड्डा केला. त्यात लाल माती, समुद्राच्या पुळणीची चाळलेली वाळू आणि भाताचा तूस घातला. तो आमचा हौदा. माती दोन दिवसांत दबते, म्हणून रोज सकाळी ते हौदा खणून भुसभुशीत करत. घरी लग्नकार्य असलं तरी त्यात खंड पडत नसे.

खणून झालं की अनवाणी हौद्यात उभे राहायचे आणि टाच दाबून बघायचे. टाच घोट्यापर्यंत रुतली तर ठीक, नाहीतर परत कुदळ. आम्ही म्हणायचो, सर, दिसतोय की मऊ! त्यावर ते खेकसायचे, "हौदा डोळ्यांनी बघायचा नसतो रे शहाण्या, टाचेने बघायचा." त्यांच्या टाचांना इतक्या भेगा होत्या की आम्ही त्यांना पाठीमागे नावं ठेवायचो. पोरंच होतो, दुसरं काय करणार.

रागीट होते हो. खांबावर कुणी मस्ती केली तर उतरल्यावर कानाखाली आवाज निघे. पण पडलेल्याला कधी हसू दिलं नाही. नव्या मुलाला महिनाभर ते खांबाला हातच लावू देत नसत, नुसतं पडायला शिकवत. "चढायला माकडालाही येतं. कसं पडायचं ते शीक आधी," म्हणायचे. आणि कुणी गुडघे दुमडून व्यवस्थित पडला की त्यांच्याकडची सगळ्यात मोठी शाबासकी मिळे: "बरा पडलास." मला ती दोनदाच मिळाली. मी चढण्यात ढ. अर्ध्यावर जाऊन खांबाला घट्ट मिठी मारून बसायचो आणि खालून मास्तर ओरडायचे, "बाळ्या, ती तुझी आई न्हवे! सोड तिला आणि वर जा!"

मास्तरांचा जीव होता इब्राहिमवर. बंदराकडच्या मोहल्ल्यातला, माझ्याच वर्गातला, काटकुळा, बोलायला गोड. बाप बोटीवर, आजा गलबतावर, चुलते बोटीवर. हाही मोठा होऊन बोटीवरच जायचा, हे त्याच्या घरात पाळण्यातच ठरलेलं होतं. खांबाच्या टोकावर एका पायावर उभा राहून तो समुद्राकडे बघे आणि कुठली बोट दिसतेय ते खाली आम्हांला सांगे. आणि उतरायचं कसं? सरळ वरून हौद्यात उडी. ती उडी मास्तरांनीच त्याला शिकवली होती. पोरगं हवेत असताना मास्तर श्वास धरून उभे राहायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मला त्याचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी दिवाळीनंतर दिपोटी साहेब शाळा तपासायला येणार असं ठरलं. हेडमास्तरांनी फर्मान काढलं की मैदानाचं अंगण झालं पाहिजे. आमच्याकडे पाऊस सरला की घरापुढचं अंगण खणतात, माती पसरून पाणी मारतात, लाकडी चोपण्याने चोपून चोपून गुळगुळीत करतात आणि शेणाने सारवतात. चांगलं चोपलेलं अंगण म्हणजे घराची अब्रू. तेच शाळेपुढे करायचं. कातळावर मातीच्या गाड्या पडल्या आणि शनिवारी दुपारी प्रत्येक वर्गाला एकेक तुकडा वाटून दिला. आमच्या वर्गाच्या वाट्याला मल्लखांबाकडचा कोपरा आला. मास्तर नेमके गावी गेले होते, लांज्याच्या बाजूला, आई आजारी होती म्हणून. ते असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

चोपण्यात मात्र मी पटाईत. आमच्या घरचं अंगण मीच चोपायचो, शेजारणी नावाजायच्या. त्या दुपारी माझ्या अंगात आलं होतं. सगळं मैदान आरशासारखं झालं आणि मधेच तो हौदा, विस्कटलेला, ढेकळांचा. बरं दिसेना. कुणी सांगितलं नव्हतं, मीच गेलो. घागरभर पाणी मारलं आणि त्वेषाने हौदा चोपून काढला. तासभर चोपत होतो. माती अशी बसली की चोपणं वाजायला लागलं. मग एकदम लक्षात आलं. कुदळमास्तरांचा हौदा! आपण त्याला हात लावला! पुन्हा खणायचं तर कुदळ मास्तरांच्या घरी कुलपात, आणि बाकीची पोरं घरी निघालेली. मी काय करावं? ओंजळी-ओंजळीने भुसभुशीत माती आणली आणि वरून चार बोटं पसरली. लांबून बघितलं. रोजच्यासारखा दिसत होता. सोमवारी मास्तर सकाळी खणतीलच, असं स्वतःला सांगत घरी गेलो.

सोमवारी मास्तरांची एसटी वाटेत बंद पडली. ते पोचले तेव्हा दिपोटी साहेब खुर्चीवर बसून चहा घेत होते आणि हेडमास्तर घामाघूम. "मास्तर, उभे काय राहताय? सुरू करा आधी!" मास्तरांनी साहेबांसाठी म्हणून त्या दिवशी पायांत कॅनव्हासचे बूट घातले होते, खडूने पांढरे केलेले. वाकून नाडी सोडायला लागले, तोच हेडमास्तर पुन्हा ओरडले. मास्तरांनी हौद्याकडे पाहिलं. मग रांगेत पुढे मी होतो, माझ्याकडे पाहिलं.

"बाळ्या, हौदा मऊ आहे ना रे?"

माझ्या मनात काय होतं? त्यांचा हात. कानाखाली बसणारा तो हात. बाकी काही नाही. मी मान हलवली.

इब्राहिम नेहमीसारखा चढला, नेहमीसारखा उभा राहिला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्याने उडी टाकली. तो आवाज मला सांगता येणार नाही, आणि मी सांगणारही नाही. पोरगं ओरडलंसुद्धा नाही आधी, नुसतं आश्चर्याने मास्तरांकडे बघत राहिलं. मग किंचाळलं. मास्तरांनी त्याला उचललं आणि त्याच पांढऱ्या बुटांनी इस्पितळापर्यंत चालत नेलं, टांगा यायची वाट न बघता. आम्ही चौघेजण मागून धावत होतो. डाव्या खुब्यापाशी हाड मोडलं होतं.

त्याची आई आली. डोक्यावरचा पदर सावरायचंही तिला भान नव्हतं. मास्तरांसमोर उभी राहिली आणि ओरडली नाही, भांडली नाही, एवढंच म्हणाली, "मास्तर, तुम्ही होतात ना वो तिथा? तुम्ही असताना असा कसा झाला?" मास्तरांनी हात जोडले.  तो माणूस मी तोवर कधी हात जोडताना पाहिला नव्हता.

चार दिवसांनी हेडमास्तरांनी रांगेत पुढे असलेल्या आम्हां तिघा मुलांना खोलीत बोलावलं. मास्तर तिथे उभेच होते. टेबलावर एक लिहून ठेवलेला कागद होता. वरून चौकशी आली होती आणि शाळेला उत्तर द्यायचं होतं. हेडमास्तर माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. म्हणाला, "मुलगा परवानगी न घेता चढला आणि भलती उडी मारली, एवढंच लिहिलंय. मास्तर सही करतील, तुम्ही मुलं साक्षीला. शाळेचं नाव राहील, मास्तरांची नोकरी राहील. काय?"

खरं काय ते माझ्या जिभेवर आलं होतं. आई शपथ सांगतो, आलं होतं. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "पोरांना बाहेर पाठवा. ह्यात पोरांचं काम नाय." हेडमास्तर ऐकेनात, तेव्हा त्यांनी आमच्यासमोरच सांगून टाकलं, "तास माझा होता. चढ म्हणून मी सांगितलं. हौदा तपासला नाही तो मी. हाड मोडलं ते त्याचं, आणि वर खोटाही तोच ठरायचा? ते नाय होणार." त्यांनी तो कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर स्वतःच्या अक्षरात तेवढंच लिहून खाली सही केली. मी कुठे बघत असेन? जमिनीकडे. मास्तरांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. तेव्हा वाटलं, हौद्याचं मला विचारलं होतं ते विसरले असतील. कसले विसरतायत!

महिन्याभरात त्यांना शाळा सोडावी लागली. जायच्या दिवशी सकाळी त्यांनी हौदा खणला, टाच दाबून पाहिली आणि कुदळ शाळेच्या भिंतीला टेकवून निघून गेले. पुढे तो खांब काढलाच. पण मास्तर गावाला जाऊन गप्प बसले नाहीत. दर रविवारी पहिल्या एसटीने रत्नागिरीत यायचे, काखेत निगडीच्या, म्हणजे निर्गुडीच्या, पाल्याच्या तेलाची बाटली, आणि मोहल्ल्यात जाऊन इब्राहिमचा पाय चोळायचे, त्याला चालवायचे. आधी कुबड्यांवर, मग काठीवर, मग भिंतीला धरून. लोक म्हणायचे, मास्तरांना आणखी एक पोर झालं. इब्राहिमच्या आईने तर त्यांच्या नावाचा कपच ठेवला होता. पाय बरा झाला, पण दोन बोटं आखूड राहिला.

मी मॅट्रिक झालो, मुंबईला नोकरीला लागलो. सुट्टीत आलो की कानावर यायचं, मास्तर थकले, मास्तर हल्ली येत नाहीत. एका मे महिन्यात धीर करून त्यांच्या गावी गेलो. परसात वाफे करत होते. मला पाहून म्हणाले, "बाळ्या! अरे, मिशी फुटली की तुला!" पाणी दिलं, आंबे कापले. मी आंब्याला हात न लावता सगळं सांगितलं. चोपणं, पाणी, वरून पसरलेली माती, हलवलेली मान.

त्यांनी आंब्याची सुरी पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "त्याच दिवशी कळलं मला. इस्पितळातून परत येऊन कुदळ घातली हौद्यात, ती टण्णकन उडाली. चार बोटांखाली चोपलेलं होतं सगळं. आणि असा चोपणारा वर्गात एकच होता."

"मग सर, तुम्ही माझं नाव..."

"तू बारा वर्षांचा. मी चाळिशीचा. मी टाचेने बघायचं, तर पोराला विचारलं. आणि मान हलवलीस तेव्हा तू माझ्याकडे बघत नव्हतास, तेपण मला दिसलं होतं. तरी मी चढ म्हटलं त्याला. साहेब बसले होते ना." एवढं बोलून ते वाफ्याकडे बघायला लागले. मी विचारलं, इब्राहिमला सांगू का? म्हणाले, "माझ्यासाठी सांगू नको. तुला सांगावंसं वाटलं तर सांग." मला हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं की दोन्ही आंबे खाऊन आलो. आणि सांगितलं नाही कुणाला.

दोन वर्षांनी मास्तर गेले. मला पत्राने उशिरा कळलं. त्यानंतर मात्र राहवेना. रत्नागिरीला आलो आणि बंदराकडे गेलो. इब्राहिमचं शिलाईचं दुकान होतं. उजव्या पायाने मशीन चालवत होता. मला ओळखून उठला, स्टूल दिलं. मी स्टुलावर बसून, मान खाली घालून, पुन्हा सगळं सांगितलं. मशीन थांबलं.

"मास्तरांना ठाऊक होता?" त्याने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

त्याने हातातलं कापड घडी करून ठेवलं. मग सांगू लागला. अठराव्या वर्षी तो मुंबईला बोटीवर भरती व्हायला गेला होता. डॉक्टरने चालून दाखवायला सांगितलं आणि चार पावलांत परत पाठवलं. घरी आला तो रविवार होता. मास्तर तेलाची बाटली घेऊन ओट्यावर बसलेले. "मी त्यांना म्हटलं, तुम्ही माझा जन्म नासवलात, परत ह्या घरात पाय ठेवू नका. ते काय बोलले नाय. पुढच्या रविवारी आले, मी दार लावून घेतलं. त्याच्या पुढच्या रविवारीपण आले. सात रविवार आले. आई रडायची, उघड म्हणायची. मी उघडलं नाय."

बाहेर कुणीतरी कपडे न्यायला आलं होतं. इब्राहिमने त्याला हातानेच उद्या ये म्हणून सांगितलं.

"नंतर आजारी पडले तेव्हा निरोप धाडलेला त्यांनी. एकदा येऊन जा म्हणून. मी नाय गेलो." त्याचे डोळे भरून आले होते, पण आवाज चढला नाही. "एक शब्द बोलले असते तर मी गेलो असतो. तुझं नाव घेतलं असतं, तरी गेलो असतो. का नाय घेतलं रे?"

का ते मला ठाऊक होतं, मास्तरांनीच सांगितलं होतं: तू बारा वर्षांचा, मी चाळिशीचा. पण त्याच्यासमोर ते सांगायला मला तोंड नव्हतं. मी त्या दुपारी एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो, आणि सात रविवार मास्तर हाच रस्ता एकटे चालत परत गेले असतील, एवढंच डोक्यात राहिलं.