संगप्पाचा हक्काचा तास

लातुरात संगप्पाच्या दुकानी कुणी स्पीकर घेऊन आलं, की तो आधी त्याची पत्रिका विचारायचा. "किती ओहमचा? किती वॉटचा? अ‍ॅम्प्लिफायर कंचा?" आठ ओहमच्या अ‍ॅम्प्लिफायरला कुणी चार ओहमचा स्पीकर जोडलेला कळला, तर त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "अवो, तापून मरंल की त्यो!" त्याहून जास्त राग त्याला दुबळ्या अ‍ॅम्प्लिफायरचा. बटण शेवटपर्यंत पिळलं की आवाज फाटतो आणि फाटका आवाज स्पीकर जाळतो. "ताकद जास्तीची घ्या, वापरा मातर बेतानं," असं तो बजावायचा. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि घरी जाऊन बटण पिळायचंच.

गावाच्या जोड्या जुळवणाऱ्या ह्या बाबाच्या घरी मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दोन वर्षं खपून त्यानं स्वतःसाठी झकास सेट जमवला होता, पण गल्लीतल्या प्रत्येक माडीवर क्लासची पोरं. आवाज जरा चढला की वरून हाक यायची, "काका, फिजिक्स!" आपल्या सेटवर पखवाज एकदा मोकळ्या आवाजात ऐकावा, एवढीच त्याची हौस होती, आणि त्यापायी बिचारा झुरत होता.

शेवटी बायकोलाच दया आली. उमादेवीनं शेजारणींना शेंगापोळ्या खाऊ घातल्या आणि ठराव करून घेतला: सीईटी संपून पोरं गावी गेली, की दुसऱ्या दिवशी चार ते पाच, संगप्पाचा तास.

तो दिवस उजाडला. संगप्पा आंघोळ करून, विभूती लावून सेटपुढं मांडी घालून बसला. बटण फिरवलं. पहिली थाप अशी स्वच्छ आली की त्याचे डोळे भरून आले. दुसऱ्या थापेला भिंतीपलीकडं धडाधडा भांडी कोसळली.

शेजारच्या नागुबाईनं त्र्याण्णवच्या भूकंपापासून, म्हणजे अकरा वर्षं, फळीवर पाच तांबे उलटे एकावर एक रचून ठेवले होते. तांबे पडले की पळायचं. ते पडले, नागुबाई ओरडली आणि अख्खी गल्ली रस्त्यावर आली. समोरचा मलप्पा अंगाला साबण लावलेला, उमादेवीच्या हातात लाटणं. आणि सगळ्यांच्या पुढं, अनवाणी, संगप्पा!

"तुमी कशाला पळालाव?" उमादेवी म्हणाली. "आवाज तुमचाच हाय की!"

संगप्पा खजील झाला. "मला ठावं होतं गं. पायास्नी न्हवतं."

गल्ली पोट धरून हसली. मे महिन्याचा डांबरी रस्ता, पाय भाजत होते. सगळे एकेक पाय उचलत होते आणि आत पखवाज घुमत होता. कुणी लांबून पाहिलं असतं तर म्हटलं असतं, लातूरकर नाचायला लागले. मग सगळे मलप्पाच्या भिंतीच्या सावलीत टेकले. आवाज कुठं म्हणून फाटत नव्हता. संगप्पा दोनदा उठला, उंबऱ्यापर्यंत गेला आणि परत येऊन बसला.

"संगप्पा," नागुबाईनं विचारलं, "तांबे रचू का रं परत?"

"पाच वाजू द्या, मावशी," संगप्पा म्हणाला.