हौसाच्या बदल्यात

माझ्या बापानं आणि हौसाच्या बापानं मिळून आम्हा दोघींना फसवलं. एकाच मांडवात हौसाला माझ्या दादाला दिलं आणि मला तिच्या भावाला. साटंलोटं. हुंडा नाही, मानपान नाही. दोन्ही बाजू सारख्या म्हणून म्हातारे खूश. हौसा लवळ्यात आमच्या उंबऱ्यावरचं माप ओलांडत होती, तेव्हा माझी बैलगाडी चांद्याच्या वाटेला लागली होती.

मी घर मोडून पुण्याला पळाले असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

सारखेपणा मात्र दोन्ही घरांनी शेवटपर्यंत पाळला. नवऱ्यानं मला मारलं की बाजारकऱ्यांकडून बातमी लवळ्याला जाई, आणि दादा हौसाला मारी. पंचमीला मला न्यायला आला तेव्हा वाटेत म्हणाला, "बाय, तुझा एक बी फटका म्या फुकट जाऊ दिला न्हाई." त्याला वाटत होतं, मी खूश होईन.

घरी हौसा चुलीपुढं होती, हात फडक्यात बांधलेला. भाकरी वाढताना हळूच म्हणाली, "वन्सं, तितं जरा सोसून घ्या. तुमी वरडलात की हितं मला पडतंय."

मग मी तोंड दाबून मार खाल्ला. सोसेना तेव्हा पुण्याला निघाले. जाण्याआधी लवळ्याला जाऊन हौसाला म्हणाले, चल माझ्याबरोबर. तिच्या पदराखाली तान्हा मुलगा होता. "ह्याला सोडतील व्हय ही माणसं?" एवढंच बोलली.

मी गेले आणि माझा नवरा लवळ्याच्या दारात आला. "तुमची पळाली, आमची द्या." दादानं हौसा दिली, मुलगा ठेवून घेतला. तिच्या सख्ख्या भावानं तिला गोठ्यात जागा दिली. पुढं दोघा मेव्हण्यांनी दुसरी लग्नं केली आणि एकमेकांच्या वरातीत नाचले.

मी मंडईत पाटी घेऊन बसले. आज स्वतःचा गाळा आहे, भावात मला कोणी फसवत नाही. निवडणुकीच्या सभेत पुढारी सांगतात, बाई आणि पुरुष समान. टाळ्या वाजतात. मी वाजवत नाही. समान वाटणी म्हणजे काय ते मी अंगावर झेललंय, आणि त्या वाटणीत आम्हा दोघींना कोणी विचारलं नव्हतं.

हौसाला आणायला मी चांद्याला जाऊन आले. ती येत नाही. म्हणते, "हितनं लवळ्याची वाट तरी दिसती."

दादा, तू निरोप धाडतोस, माहेरी ये, झालं गेलं विसर. जिथं हौसाला तिच्या मुलाचं तोंड बघू देत नाहीत, ते माझं माहेर नाही. पळाले मी. तिनं काय केलं होतं? चावडीवर उभा राहा, मुलाला शेजारी घे आणि त्याच्यासमोर सांग.